काळा दगड, कल्याण ते जुन्नर

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मित्राने स्पेनच्या ट्रिपचे फोटो पाठवले. माद्रिदच्या ईशान्येला ग्वादालाहारा नावाचा प्रांत आहे, तिथे डोंगरात स्लेटच्या दगडाची गावं आहेत. माहायेलरायो, काम्पियो दे रानास अशी नावं. घरांच्या भिंती काळ्या, छपरं काळी, अंगणाच्या फरशा काळ्या, देऊळसुद्धा काळं (चर्च हो, पण गावाच्या मधोमध असलं की मला देऊळच वाटतं). विसाव्या शतकात माणसं पोटापाण्यासाठी शहरात गेली आणि ही गावं ओस पडत चालली. मग पर्यटक यायला लागले, तेव्हा थोडी सावरली. फोटोंच्या खाली साहेबांनी लिहिलं होतं: "आपल्याकडे असं काही का नाही रे?"

हा गृहस्थ राहतो डोंबिवली पूर्वेला. म्हणजे ज्या काळ्या दगडाच्या पसाऱ्यावर आपलं अख्खं महाराष्ट्र बसलंय, त्याच्या पश्चिमेच्या कडेपाशी. त्याला ईमेलमध्ये जे उत्तर लिहायला घेतलं ते फारच लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

आधी दगडाबद्दल, म्हणजे पुढचं नीट कळेल. स्लेट आणि आपला दगड दोन्ही काळे, पण जात वेगळी. स्लेट म्हणजे मुळात चिखल. तो लाखो वर्षं दाबला गेला, तापला आणि त्याचे पापुद्रे झाले. शाळेतली पाटी आठवा, ती आंध्रातल्या मार्कापूरहून यायची. त्या दगडाला योग्य जागी छिन्नी लावली की पातळ फरशी सुटते. आपला बेसॉल्ट म्हणजे लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर वाहत आला आणि थिजला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. त्याला पापुद्रे नाहीत. तो फुटतो, पण उलगडत नाही. त्यामुळे त्याची छपराची फरशी होत नाही. स्पॅनिश लोकांची गावं पायापासून छपरापर्यंत काळी आणि आपली फक्त कमरेपर्यंत: जोतं दगडाचं, वर माती किंवा वीट, त्यावर कौलं नाहीतर गवत. लांबून ती "काळी गावं" दिसत नाहीत. जवळ जाऊन भिंतीच्या बुडाशी बघावं लागतं.

अवांतर: आपल्या जुन्या बोलीत गावठाणाला "पांढरी" म्हणतात आणि शेतजमिनीला "काळी". ती काळी म्हणजे हाच दगड झिजून झालेली माती. दगडाचं पीठ झालं की त्यात ज्वारी, दगड राहिला की त्याचं जोतं.

आता रस्ता. लोक सहसा शहाडवरून सरळ मुरबाडला निघतात. मी सांगेन की वाकडी वाट करा. काटई नाक्यावरून बदलापूरकडे वळा आणि आधी अंबरनाथला थांबा. शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, अशी तारीख आहे. राजा शिलाहार मम्वाणी, ज्याला मुम्मुणिही म्हणतात. आपल्या भागातल्या काळ्या दगडाकडून माणसाने सगळ्यात जास्त काय काढून घेतलं, ते इथे दिसतं. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या माळा रचत वर नेलेलं, आणि आज माथ्याला उघडं. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जायचं. बाहेरच्या भिंतीवर एक वीत जागा रिकामी सोडलेली नाही. संगमरवरावर किंवा वालुकाश्मावर असं काम करणं एक गोष्ट आणि बेसॉल्टवर करणं दुसरी. तो कठीण तर आहेच, शिवाय त्यात जागोजागी पोकळ्या आणि पांढऱ्या खड्यांचे डोळे असतात. पंधरा दिवस कोरत आणलेल्या अप्सरेच्या नाकाशी असा डोळा निघाला तर काय करत असतील? साडेनऊशेहून जास्त पावसाळे त्या भिंतींनी खाल्लेत, काही चेहरे आता नुसते गोळे झालेत. शेजारून वालधुनी वाहते. तिच्या पाण्याच्या रंगाबद्दल आणि वासाबद्दल अंबरनाथ-उल्हासनगरकरांना मी काय सांगणार. तो दगड नदीकडे पाठ फिरवू शकत नाही एवढंच.

बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड. हा तुकडा पावसाळा संपता संपता करावा, झाडी रस्त्यावर येते. मुरबाड तालुक्यात एक गंमत लक्षात येते. दगड पायाखाली आहे, डोंगरात आहे, नदीत आहे, पण जुन्या घरांत फारसा नाही. पाड्यांवरची जुनी घरं कुडाची: कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, विणायच्या, शेणमातीने लिंपायच्या. का? मला वाटतं हिशोब साधा आहे. कारवी जंगलात फुकट मिळते, दोन माणसं चार दिवसांत भिंत उभी करतात आणि पुढच्या वर्षी खराब झाली तर परत लिंपतात. दगड काढायचा, वाहायचा, घडवायचा म्हणजे दुसऱ्या कुणाची मजुरी द्यायची. कोकणातल्या शेतकऱ्याने दगड ठेवला देवळाला, विहिरीला आणि तालेवार माणसाच्या जोत्याला.

मुरबाडहून सरळगाव, टोकावडे करत गाडी पुढे निघाली की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते आणि वैशाखऱ्याला आलात की उजवीकडे एक अंगठा दिसतो. नानाचा अंगठा. त्याच्या बगलेत नाणेघाट. रस्त्याने जाणाऱ्यांनी गाडी पुढे माळशेजकडेच न्यायची आहे, पण इथे थांबून दहा मिनिटं वर बघा, कारण आपण ज्या रस्त्याने चाललोय त्या रस्त्याचं मूळ व्हर्जन ते आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे बंदर होतं. आपण "कल्याण" म्हटलं की फलाट नंबर चार आणि पाचवरची गर्दी डोळ्यापुढे येते, पण पहिल्या शतकातला एक ग्रीक व्यापारी कल्याणला "कॅलिएना" म्हणून ओळखत होता. त्याचं "पेरिप्लस" नावाचं पुस्तक म्हणजे तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतचं मार्गदर्शक. त्यात तो म्हणतो की पूर्वी हा कायदेशीर व्यापाराचा बाजार होता, पण आता अडचण झालीय, चुकून इथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेतात. दोन राजांच्या भांडणात बंदराची कोंडी. बातमी आजच्या पेपरातली वाटते.

या बंदराचा माल देशावर जायचा तो नाणेघाटाने. कातळातली अरुंद खिंड, त्यात दगडी फरसबंदी, वाटेत पाण्याची टाकी आणि वर एक मोठा दगडी रांजण. लोक सांगतात की जकातीची नाणी त्यात टाकत. खरं-खोटं करत बसू नका, रांजण बघण्यासारखा आहे. खरी चीज आहे ती माथ्याजवळची लेणी. तिथे सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे, साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला. राणी नागनिकेशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तिच्या घराण्याने कुठले यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दक्षिणा दिली याची यादी. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, महारठी त्रणकयिरो अशी नावं वर कोरलेली. मूर्ती गेल्या, नावं राहिली. (डेटा गेला, कॉलमची नावं राहिली असं म्हणायचा मोह होतोय.)

माझ्यासारख्याला त्या लेखातलं आवडतं ते म्हणजे आकडे. १८२८ साली विल्यम साइक्स तिथे पोचला आणि पुढे आपल्या भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात त्यातले अंक उलगडले. त्या काळी शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चाराची खूण चिकटवायची. एवढ्यावर त्यांनी दहा हजार आणि वीस हजारापर्यंतचे हिशोब दगडात कोरून ठेवले, तेही घाटातल्या चढाव्यावर धापा टाकत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे. आपल्याकडे राजाने किती खर्च केला याची पाटी रस्त्यावर लावायची पद्धत किती जुनी आहे बघा!

हा रस्ता मेला कसा, तीही गोष्ट आहे. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आगगाडी आली. पुढे सह्याद्री चढायचा कुठून, हा प्रश्न होता. जीआयपी रेल्वेच्या सुरुवातीच्या योजनेत घाट चढायचा होता तो माळशेजमधून. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांनी पाहणी केली, तो बेत रद्द केला आणि एकाऐवजी दोन घाट निवडले: बोरघाट, जो १८६३ मध्ये सुरू झाला, आणि थळघाट, १८६५ मध्ये. झालं. एका दशकात पुण्याचा माल कर्जतवरून आणि नाशिकचा कसाऱ्यावरून जायला लागला. बर्कली साहेबांचं मत वेगळं पडलं असतं तर आज आपण "मुरबाड फास्ट" पकडत असतो. दोन हजार वर्षांची वाट बैलांची घंटी थांबल्यासारखी थांबली आणि मधला मुलूख जंगलात परत गेला. म्हणून तर तो आज निसर्गरम्य वाटतो. प्रवासवर्णनं लिहिणारे "शांत, अस्पर्श" वगैरे लिहितात तेव्हा मला हे आठवतं. ही शांतता धंदा बसल्यावरची आहे.

माळशेज घाटाबद्दल मी फार लिहीत नाही, त्याचे फोटो तुम्ही पाहिले आहेत. पावसात धबधब्याखाली गाडी उभी करून अंघोळ करू नका, वरून दगड येतात. हा कल्याण-निर्मल महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर २२२ होता, आता ६१ आहे.

घाट चढून खुबी फाट्याला आलात की हवा बदलते आणि थोडं पुढे गेलं की घरंही बदलतात. पाऊस पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. कारवी मागे राहिली. मढ, ओतूर, जुन्नर या पट्ट्यातल्या जुन्या आळ्यांमधून पायी फिरा. इथे दगड रोजच्या संसारात आहे. गावाची वेस दगडाची, बारव दगडाची, पाराचा कठडा दगडाचा. वाड्याचं जोतं पुरुषभर उंच, घडीव चिऱ्यांचं, सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही असं. त्याच्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या भिंती. गरिबाच्या घराला घडीव दगड नाही, अनघड दगड आणि चिखल. पण तोही तितकाच काळा. पाऊस पडून गेल्यावर संध्याकाळी या भिंतींवर जो निळसर रंग येतो तो माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला कधी पकडता आलेला नाही.

आता मुद्द्याचं. यातल्या निम्म्याहून जास्त आळ्यांमध्ये तुम्हाला एक तरी घर पाडलेलं दिसेल. जोत्याचे चिरे बाजूला रचून ठेवलेले आणि मधोमध आरसीसीचे कॉलम उभे. "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्या शहरी माणसाला वाईट वाटतं. पण घरमालकाशी बोला. तो सांगेल की दगडी घरात साप निघतात, भिंत दोन हात जाड म्हणून खोल्या लहान होतात, आणि मग आवाज बारीक करून म्हणेल: किल्लारी.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. लातूर-उस्मानाबादच्या गावांत आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. माणसं मारली ती घरांनी. तिथली घरं काळ्या दगडाची, चिखलात रचलेली, वर मातीचं जाड माळवद. जुन्नर तिथून लांब आहे, पण त्या वर्षी टीव्हीवर जे ढिगारे दिसले ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक दगडी घरातल्या माणसाने आपले म्हणून पाहिले. नंतर ५२ गावं दुसऱ्या जागी नव्याने वसवली. दगडावरचा विश्वास मात्र तेव्हापासून उठला, तो राज्यभर.

यावर माझं म्हणणं आहे. इंजिनियरांनी तेव्हा जे पाहिलं ते असं: जाड दगडी भिंत ही एक भिंत नसतेच. आतून एक रांग, बाहेरून एक रांग आणि मध्ये बारीक दगड, माती, गिलावा. या दोन रांगांना बांधून ठेवतो तो आरपार दगड, भिंतीच्या पूर्ण जाडीएवढा लांब. तो नसला की हादरा बसल्यावर दोन रांगा एकमेकींपासून फुगून सुटतात आणि वरचं माळवद सरळ खाली येतं. किल्लारीच्या कितीतरी भिंतींत ते आरपार दगड नव्हते. १९९३ सालच्याच आयएस १३८२८ या भारतीय मानकात त्याचं मापही दिलं आहे: दर ६०० मिलिमीटर उंचीला एक थर आणि आडवं अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त नको. पण हे काही दिल्लीच्या समितीने शोधून काढलेलं नाही. जुन्या चांगल्या वाड्याची पडकी भिंत बाजूने बघा, लांबलचक दगड जिभेसारखे बाहेर आलेले दिसतील. रचणाऱ्याला माहीत होतं. एवढा लांब दगड अखंड काढायला वेळ लागतो, पैसा लागतो. पैसा कमी पडला की पहिल्यांदा तोच गाळला जातो, कारण भिंत पूर्ण झाल्यावर तो आतच असतो, कुणाला कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण काय वेगळं करतो? डेडलाइन आली की टेस्टिंग जातं.

दगड काढणारे आणि घडवणारे म्हणजे मुख्यतः वडार आणि पाथरवट. वडारांमध्येही कामाप्रमाणे शाखा: गाड्यांवर दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती बनवणारे जाते वडार. काळ्या दगडाला पापुद्रा नसला तरी चीर असते आणि ती वडाराला दिसते. त्या रेषेवर ओळीने भोकं पाडायची, त्यात पोलादी पाचरी बसवायच्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रत्येकीवर घणाचा एकेक ठोका. फेऱ्या चालूच. ठोक्याचा आवाज बदलत जातो. एका क्षणी आवाज बसका होतो, मग माणूस थांबतो आणि दगड आपला आपण दुभंगतो. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. आणि ज्यांच्याकडे ते होतं त्यांना आपण काय दिलं? महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. ही यादी म्हणजे इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची उरलेली सावली. तो कायदा १९५२ साली गेला, पण त्याने दिलेली नजर जायला वेळ लागतोय. आमच्या लहानपणी डोंबिवलीत दुपारच्या वेळी "पाट्याला टाकी लावायची का, टाकी?" अशी हाक यायची. आई पाटा बाहेर काढायची, बाई उंबऱ्याबाहेर बसून तासाभरात त्यावर पुन्हा दाणे उठवून द्यायची. मिक्सर आला, हाक बंद झाली. ती बाई कुठे गेली हे विचारायचं त्या वेळी कुणाला सुचलं नाही.

दगडाचं काम मात्र बंद झालेलं नाही, उलट इतकं कधीच नव्हतं. शिळफाट्यापासून कल्याणपर्यंतच्या टेकड्या बघा (नावातच शिळा आहे असं म्हणायला मला आवडतं, व्युत्पत्तीवाल्यांनी माफ करावं). अर्धी टेकडी कापलेली, खाली क्रशर, रस्त्यावर डंपर, झाडांवर पांढरी धूळ. काँक्रीटमध्ये निम्म्याहून बराच जास्त भाग खडी आणि वाळूचा असतो आणि नदीची वाळू महागल्यापासून वाळूही दगड भरडूनच करतात. म्हणजे ज्याने मला विचारलं की आपल्याकडे काळ्या दगडाची गावं का नाहीत, तो मित्र स्वतः चोवीस मजली काळ्या दगडात राहतो. फक्त त्या दगडाला चीर होती की नव्हती, हे पाहायची कुणाला गरज पडली नाही. सुरुंग लावला, भरडला, ओतला. मी स्वतः अशाच घरात राहतो आणि मला गळकं कौलारू घर नकोय, हेही सांगून टाकतो. पण ओतूरच्या त्या माणसाला दोनच पर्याय आहेत, साप निघणारी भिंत किंवा आरसीसी, असं जे सगळे धरून चालतात ते मला पटत नाही. आरपार दगड टाकलेली, कोपरे बांधलेली, वर हलकं छप्पर असलेली दगडी भिंत हा तिसरा पर्याय कागदावर तीस वर्षांहून जास्त काळ आहे. तो बांधून देणारा हात तालुक्यात किती जणांकडे उरलाय, ते ओतूरच्या बाजारात विचारून बघा.

जुन्नरला पोचलात की शिवनेरी असतेच, तिच्याबद्दल मी वेगळं काय सांगू. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी आहेत आणि त्यांतले दानलेख वाचण्यासारखे आहेत. एकात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याची नोंद आहे. नाणेघाट चढून आलेला कुणीतरी परदेशी, त्याला या गावात पाणी द्यावंसं वाटलं.

कल्याण-डोंबिवलीकरांनी मात्र लेण्याद्रीला जावं. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, माकडांपासून चष्मा सांभाळा. सगळी गर्दी सात नंबरच्या लेण्यात, गिरिजात्मजाच्या दर्शनाला. दर्शन घ्या आणि मग शेजारच्या सहा नंबरच्या लेण्यात शिरा, तिथे सहसा चार माणसंही नसतात. ते चैत्यगृह आहे: खांबांच्या दोन रांगा, खांबांवर प्राणी, वर कमानदार छत आणि टोकाला स्तूप. सगळं एका अखंड काळ्या दगडातून आतल्या आत कोरलेलं. ब्राह्मी लेखात देणाऱ्याचं नाव आहे सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याच्या व्यवहारातला माणूस, सोनार किंवा खजिनदार. आणि गावाचं नाव लिहिलंय, कल्याण.